फुगलेलं दार

घरात घट बसले त्याच सकाळी तन्मयनं दाराचं जुनं कुलूप उचकटून काढलं.

उज्ज्वला देवघरात पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरत होती. मागून ड्रिलची घरघर सुरू झाली तसा तिचा हात थांबला.

"देवी बसायच्या वेळेला दार कसलं फोडतोस रे?"

"मला परवा बंगळूरला हजर व्हायचंय, आई. आणि वेळ चांगलीच आहे की. तुझी देवी आत बसतीय, माझा राखणदार दारात."

तन्मयचे बाबा, श्रीकांत, सोफ्यावर बसून हे सगळं बघत होते. जुन्या कुलपाचा एकेक स्क्रू खाली पडला की उठायचे, उचलायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर लाकडाचे पॅटर्न घडवले होते. त्या लाकडी नमुन्यावरून वाळूचा साचा उठवायचा आणि साच्यात लोखंड ओतायचं. पुढं वाळूचे साचे थेट छापणारी यंत्रं आली, पॅटर्न गेले. श्रीकांतची नोकरी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गेल्या दोन वर्षांत ते मधूनच कामावर जायला निघत.

भाद्रपदात एका दुपारी ते खरोखरच गेले. कदमवाडीतल्या या चौथ्या मजल्यावरून उतरून, हायवेवर, चालकाविना धावणाऱ्या ट्रकांच्या मधून. सापडले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुलाखाली उभे राहून ते पाळीची बस कधी येणार म्हणून विचारत होते. तोवरच्या त्या काही तासांत उज्ज्वलानं अंबाबाईला हात जोडून सांगितलं होतं, "आई, माणूस धड घरी येऊ दे. नवरात्र अनवाणी करीन, फळ-दुधावर करीन, जमिनीवर निजेन."

हा नवस तिनं तन्मयला सांगितला नव्हता. वैशाखात ती भाजीच्या गाड्यापाशी चक्कर येऊन पडली होती. साखर एकदम उतरली होती. गोळ्या चालू असताना उपास करायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं आणि तन्मयनं तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. पुन्हा उपास नाही." लेकाच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली होती. आता एका बाजूला ती शपथ होती आणि दुसऱ्या बाजूला देवीला दिलेला शब्द.

"आता इकडं या दोघं," तन्मयनं हाक मारली.

चौकटीत नाण्याएवढी एक काळी चकती बसली होती. किल्ली नाही, आकडे नाहीत, बोट टेकवायला जागा नाही.

"आपल्या घरात इंटरनेटच्या लहरी फिरत असतात ना, तशाच या लहरी," तो समजावू लागला. "माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. लहर त्यावर आपटून परत येते. तुम्ही चालता तेव्हा टाच कशी टेकते, गुडघा किती वाकतो, कंबर कुठं कलते, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एवढंच काय, श्वासानं छाती केसभर हलते तेही याला कळतं. आठ-दहा दिवस हे घरातल्या माणसांची चाल शिकतं. मग लांबूनच ओळखतं, कोण आलं आणि बरं आहे की नाही."

"बरं आहे की नाही, हे चालीवरून?"

"तेच तर शोधून काढलंय. माणसाचं डोकं गोंधळायला लागलं की बोलण्याच्या आधी चाल बिघडते. घरच्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, याला दिसतं. म्हणून याची दोनच उत्तरं, सावध आणि असावध. बाबांची नोंद मी आजच असावध अशी केलीय. सावध माणसाला दार आपोआप उघडतं. असावध माणसाला मोबाइलवरून हुकूम आल्याशिवाय उघडत नाही. हुकूम द्यायचा अधिकार तुझ्या मोबाइलला आणि माझ्या. आग लागली, धूर झाला, तर मात्र कोणालाही उघडतं."

"आणि हुकूम देणाराच गोंधळला तर?" उज्ज्वलानं सहज विचारलं.

"मग त्याचा मोबाइल चालत नाही, दुसऱ्याकडं निरोप जातो." तन्मय हसला. "तुझं डोकं फिरलं तर मी आहे की! गोळ्या घेतीस ना? उपास-बिपास नाही ना काही?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली आणि घटावर पाणी शिंपडायला आत वळली.

त्याच दुपारी तो गेला तसा तिनं डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या मऊ सपाता कपाटात ठेवून दिल्या. नऊ दिवस ती अनवाणी वावरली. देवीपुढं अखंड दिवा होता, त्याच्याजवळच हॉलमध्ये चटई टाकून जमिनीवर निजली. रात्री तन्मयचा व्हिडिओ कॉल आला की भरलेलं ताट पुढ्यात घेऊन बसायची, कॉल संपला की ते ताट श्रीकांतपुढं सारायची. अंगातली शक्ती कमी झाली होती, चाल मंदावली होती, पण मन हलकं होतं. आणि चौकटीतली काळी चकती तिला शिकत होती.

कुलपाचा उपयोग मात्र पहिल्याच आठवड्यात कळला. ती मंडईत नारळ घेत होती आणि मोबाइल थरथरला. 'श्रीकांत दाराशी. असावध.' खाली दोन चौकोन, 'उघडा' आणि 'बंद ठेवा'. तिनं दुसरा दाबला. पाठोपाठ चकतीनं टिपलेला त्यांचा आवाज मोबाइलवर आला.

"उज्ज्वला, दार चिकटलंय गं. निघत नाही."

मंडईच्या मध्यभागी उभं राहून त्यांना काय सांगायचं? "लाकूड फुगलं असेल हो. परतीचा पाऊस पडतोय ना. मी आलेच."

"फुगणारच," ते समाधानानं म्हणाले. "ओल खाल्ली की फुगणारच."

ती घरी आली तेव्हा त्यांनी कपाटावरची हत्यारांची पेटी काढली होती. छोटा रंधा घेऊन ते दाराच्या फटीशी दिसणारी सागवानी कड तासत बसले होते. फरशीवर लाकडाच्या कुरळ्या साली पडल्या होत्या आणि श्रीकांत शीळ घालत होते. कितीतरी महिन्यांत तिनं ती शीळ ऐकली नव्हती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. ती बाहेर, ते दाराशी, बोटाखाली 'बंद ठेवा' आणि तोंडात 'लाकूड फुगलंय'. पहिल्यांदा हे बोलताना तिची जीभ अडखळली होती. दसऱ्यापर्यंत अडखळेनाशी झाली.

दिवेलागणीला मात्र ती स्वतः दार सताड उघडायची. उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहायचं, निरांजन लावायचं आणि दिवा शांत होईतो दार मिटायचं नाही. लक्ष्मी यायची वेळ. तेवढा वेळ श्रीकांतही तिच्याशेजारी स्टूल टाकून जिन्याकडं बघत बसायचे.

दसऱ्याला तिनं पुरणपोळी खाल्ली, कपाटातल्या सपाता पायांत घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपट्याची राहिलेली पानं द्यायला शेजारच्या सुनंदाकडं निघाली, तर दार हललं नाही.

"उज्ज्वलाताई, जरा बसून घ्या," चकतीतून एक गोड बायकी आवाज आला. "तन्मय यांना कळवलं आहे."

ती हसली. मोबाइल काढून 'उघडा' दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'आपले अधिकार सध्या थांबवले आहेत.'

पलीकडून सुनंदानं दारावर थाप मारली. "वैनी, सोनं घेऊन येतो म्हणून मी वाट बघत बसलो, आणि तुम्ही कोंडून काय घेतलंसा?"

"दार चिकटलंय," उज्ज्वलाच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात तन्मयचा फोन आला. "आई, बरी आहेस ना? कुलूप म्हणतंय तुझी चाल निराळी आहे, श्वास निराळा आहे."

"अरे, मी ठणठणीत आहे. काल पुरण खाल्लंय पोटभर."

"आज तारीख काय?"

"तन्मय!"

"सांग ना."

तिनं तारीख सांगितली, तिथीही सांगितली. त्यानं बंगळूरहून दार उघडलं. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. भाजीला जायचं तर तन्मयला फोन, कचरा ठेवायचा तर तन्मयला फोन. तो मीटिंगमध्ये असला की ती सपाता घालून दाराशी उभी राहायची, आणि मागून श्रीकांत म्हणायचे, "तुलाही निघत नाही? बघ, मी म्हणत होतो."

"कुलपाला नव्यानं शिकव की," तिनं तन्मयला म्हटलं. "त्याचंच काहीतरी चुकलंय."

"नव्यानं शिकवलं तर तुझ्यात काय बदललंय ते पुसून जाईल. आई, बाबांचंही आधी चालणंच बदललं होतं. पाय घासत चालायचे, आठवतंय? आपण म्हटलं, वय झालं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आता मला दिसतंय, आणि मी पुन्हा डोळेझाक करू?"

तो स्वतःलाच दोष देत होता. त्यामुळं तिला रागावताही आलं नाही.

"दिवाळीला येतो, तेव्हा चांगल्या डॉक्टरांना दाखवू. आणि मी इथं एक सांभाळघर बघून ठेवलंय, ऑफिसच्या जवळच. तुम्ही दोघं एकाच खोलीत. चोवीस तास नर्स. हा फ्लॅट नुसता बंद राहील, विकायचा नाही."

फोन ठेवल्यावर उज्ज्वला देवघरासमोर बसली. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी नवरात्र फळ-दुधावर काढलं, कुलूप उपाशी बाईला शिकलं, आता जेवलेली बाई त्याला ओळखू येत नाही. पण ते सांगायचं म्हणजे तुझ्या डोक्यावरची शपथ मी मोडली, हे लेकाला सांगायचं. मोडलेली शपथ तोंडानं उच्चारली की ज्याच्या डोक्यावर घेतली त्याला लागते, असं तिच्या आईनं तिला लहानपणी सांगितलं होतं. ती विज्ञान शिकलेली बाई होती, तन्मयच्या शाळेत तिनं काही वर्षं शिकवलंही होतं. तरी ओठ उघडत नव्हते.

मग एक मंगळवार आला. आदल्या रात्री काळजीनं जेवण गेलं नव्हतं आणि सकाळी चहाही घेतला नव्हता. पूजा करून ती तशीच अनवाणी, निर्माल्याची परडी घेऊन सवयीनं दाराकडं चालत गेली.

"नमस्कार उज्ज्वलाताई," आवाज म्हणाला, आणि दार उघडलं.

ती उंबऱ्यात खिळून राहिली. मोबाइलवर तिचे सगळे अधिकार परत आले होते. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सावध'.

तिला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशीपासून तिनं सपाता पुन्हा कपाटात टाकल्या आणि जेवण सोडलं. दिवसभर दूध आणि एखादं केळं. दार उघडत राहिलं. तन्मयचा आनंदानं फोन आला, "आई, सगळं हिरवं दिसतंय! तुझा अशक्तपणाच होता वाटतं. खातपीत जा नीट."

"हो," ती म्हणाली.

सांभाळघराचा विषय मागं पडला. दिवेलागणीला दार पुन्हा सताड उघडू लागलं. पण रोज सकाळी उपासाचा संकल्प सोडायला तिनं तळहातावर पाणी घेतलं की ओठांवर कोणाचंच नाव यायचं नाही. आजवर तिनं केलेल्या प्रत्येक उपासाला कोणीतरी धनी होता. देवी, महादेव, कधी नवरा, कधी लेक. हा उपास कोणाच्या नावानं सोडायचा? चौकटीतल्या चकतीच्या? तिनं ते पाणी एक दिवस तसंच ताम्हनात ओतलं आणि त्यानंतर संकल्प करणंच सोडून दिलं. नुसतीच उपाशी राहू लागली.

सुनंदानं एकदा जिन्यात अडवलं. "वैनी, गालफडं बसली की तुमची. काय जेवतासा का न्हाई?"

"पथ्य आहे," उज्ज्वला म्हणाली.

वसुबारस दोन दिवसांवर आली होती. गॅलरीत आकाशकंदील लावून ती हॉलमध्ये आली आणि फरशी खालून सरकली. घाम फुटला, हातापायांतलं बळ गेलं. पडता पडता ती कशीबशी देवघराजवळ आडवी झाली. जीभ जड झाली होती. साखर, तिला कळत होतं, चमचाभर साखर.

"अहो," ती म्हणाली. "साखर."

श्रीकांत लगबगीनं आत गेले. डबे वाजले. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काड्यापेटी होती. तिच्याकडं बघून त्यांचा चेहरा गोंधळला. आपण कशाला गेलो होतो ते त्यांना आठवत नव्हतं, पण काहीतरी वाईट झालंय एवढं उमगत होतं. ते दाराकडं गेले, मूठ ओढली.

"उज्ज्वला, चिकटलंय गं. आत्ताच चिकटायचं होतं का याला!"

तिच्या पदराला बांधल्यासारखा जवळ पडलेला मोबाइल थरथरला. तिनं तो डोळ्यांपाशी ओढला. वरती तिचंच नाव होतं, 'उज्ज्वला. सावध. विश्रांती घेत आहेत.' नऊ रात्री ती इथंच जमिनीवर निजली होती. उपाशी पोटाचा हा मंद श्वास, हे जमिनीला लागलेलं अंग, हीच कुलपाच्या लेखी खरी उज्ज्वला होती. त्याखाली, 'श्रीकांत दाराशी. असावध.' आणि दोन चौकोन.

तिला हायवे आठवला. ट्रक आठवले. हे एकटे गेले तर? आणि मग तिला दिसले दाराच्या मुठीवरचे त्यांचे दोन्ही हात, रोजचेच, आणि आजवर त्या हातांना आपण पाठवलेलं एकच उत्तर. तिनं बोट उचललं आणि पहिला चौकोन दाबला.

दार उघडलं.

"निघालं!" श्रीकांत ओरडले. "सुनंदा, अगं, दार निघालं आमचं!"

पुढचं उज्ज्वलाला तुकड्या-तुकड्यांनीच आठवत राहिलं. सुनंदाचा 'आता गं बया', ओठांवर चोळलेला गूळ, स्ट्रेचर. आणि श्रीकांत कुठंच गेले नव्हते. ते दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत तिथंच उभे होते.

तन्मय रातोरात आला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून त्यानं तिचा हात धरला तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. नवस, शपथ, भरलेली ताटं, सपाता, मंगळवार. सांगताना तिचे डोळे त्याच्या डोक्याकडं जात होते, जणू तिथं आत्ता काही होईल.

त्यानं मोबाइल काढून कुलपाच्या जुन्या नोंदी चाळल्या.

"म्हणजे तू बरी होतीस तेव्हा ते तुला वेडी म्हणत होतं," तो शेवटी म्हणाला, "आणि तू मरायला टेकलीस तेव्हा बरी म्हणत होतं."

"हो. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. बघितलंस ना?"

"आई, दार उघडावं म्हणून तू उपाशी राहिलीस. मला एक फोन न करता. हे ठिकाणावर असलेलं डोकं?"

याचं उत्तर तिच्याकडं होतं, पण ते शपथ, पाप, देवी अशा शब्दांत होतं, आणि ते शब्द या खोलीत, सलाइनच्या नळीखाली, तिला फार लहान वाटले.

सांभाळघर टळलं. तिनं हात जोडले म्हणून टळलं. तन्मयनं कुलूप पुन्हा शिकवलं, सपाता घातलेल्या, दोन वेळा जेवणाऱ्या उज्ज्वलाला. फक्त हुकमाचा अधिकार आता त्याच्या एकट्याच्या मोबाइलला राहिला, आणि दोघांच्या नावापुढं कायमचं एकच लिहिलं गेलं, 'परवानगी लागेल'.

"तू नुसतं सांगायचं, मी लगेच उघडीन," निघताना तो म्हणाला. त्यानं वाकून नमस्कार केला. त्याच्या डोक्यावर हात ठेवताना तिचा हात क्षणभर हवेतच राहिला.

आणि तो उघडायचाही. दिवाळीत उघडलं, तुळशीच्या लग्नाला उघडलं. मग मार्गशीर्ष आला. कोरडी थंडी पडली होती, ओठ फुटत होते. पहिल्या गुरुवारी तिनं कलश मांडला, श्रीकांतना नवा सदरा घातला, दाराच्या आतल्या बाजूनं रांगोळीची बोटं ओढली. बाहेर अंधारून आलं. निरांजन पेटलं. तिनं दाराशी जाऊन हाक दिली.

"तन्मय, दिवेलागण झाली रे. दार उघड."

चकतीतून त्याचा आवाज आला, स्वच्छ, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. मागं माणसांची कुजबुज होती.

"आई, तिकडचं नेटवर्क अडकलंय बहुतेक. उघडत नाहीये. थोडा वेळ बस, मी बघतो."

त्याची जीभ जराही अडखळली नाही.

उज्ज्वला त्या चकतीकडं बघत राहिली. ज्या नेटवर्कवरून त्याचा शब्दन् शब्द येत होता ते अडकलं होतं. बाहेर सुनंदाच्या दारातली घंटा वाजली, कोणीतरी आत गेलं, दार लागलं.

मागं पेटी उघडल्याचा आवाज झाला. श्रीकांत रंधा घेऊन आले होते. तिला बाजूला सारून ते गुडघ्यांवर बसले आणि फटीवरून अंगठा फिरवू लागले.

"चिकटलंय ना?" ते म्हणाले. "थांब. आत्ता काढतो. जरा उजेड दाखव."

तिनं ओट्यावरची बॅटरी आणली नाही. देवापुढचं निरांजन उचललं, हाताचा आडोसा धरत दाराशी आणलं आणि त्यांच्याशेजारी खाली बसली. त्या उजेडात सागवानाची कड सोन्यासारखी दिसत होती. रंधा फिरला. एक कुरळी साल रांगोळीवर पडली.

उज्ज्वलानं वाकून फट बघितली, आणि बोट ठेवलं.

"इथं मारा," ती म्हणाली. "इथं जास्त फुगलंय."